सहाशे बारा

आमच्याकडे घाणीला क्रमांक आहेत.
वॉकीटॉकीवर, लोकांदेखत, ओकारी कशी म्हणणार?
म्हणून व्हर्नाने वर्गीकरणातच शोधलं:
सहाशे बारा दशांश तीन, म्हणजे पचन.
दशांश चार सहा, म्हणजे उत्सर्जन.
पाचशे पंच्याण्णव म्हणजे ढेकूण;
ती पुस्तकं पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये.
आमच्या डब्यांचा फ्रीझर वेगळा,
असं ती शपथेवर सांगते.

डुलुथला जानेवारीत सरोवर आवाज करतं,
बर्फ तडकताना, कुणी दार आपटावं तसा.
सकाळी परतीच्या पेटीत काय असेल, नेम नाही.
एकदा अख्खा मासा होता, थिजलेला,
पाकशास्त्राच्या पुस्तकाला चिकटून.
एकदा कुणी दूध ओतलं होतं;
त्याचा बर्फ झाला म्हणून निदान खरवडता आलं.
थंडीचे असेही उपकार.

पदवीच्या दोन वर्षांत
मी हस्तलिखितांचं जतन शिकले.
बादलीबद्दल एक ओळ नव्हती.
भुकटी टाकायची, दहा मिनिटं थांबायचं,
तोंडाने श्वास घ्यायचा, दुसरंच काही आठवायचं,
हे व्हर्नाने शिकवलं.
ती आधी खनिजाच्या बोटीवर स्वयंपाक करायची.
नाक तिथेच कुठेतरी बुडालं, म्हणते.

ऑर्विल हॅस्केट रोज दहाला येतात.
खिडकीजवळची खुर्ची, जिथून बंदर दिसतं.
कुठली बोट आली, ते वहीत टिपतात.
मार्चपर्यंत बोटी बंद;
तरी तारीख घालून लिहितात: काही नाही.

त्या मंगळवारी ते उठले
आणि वर्तमानपत्र खुर्चीवरच ठेवून गेले,
पसरून, कडा हाताने सपाट करून.
दशांश चार सहा, मी म्हणाले, खिडकीजवळ,
आणि मग दिसलं, ते अजून दाराशीच होते,
टोपी कानांवर ओढत.
त्यांना क्रमांक कळत नाहीत, मी स्वतःला सांगितलं.
चाळीस वर्षांचे सभासद.

आठवडाभर खिडकी रिकामी.

मग आले. काखेत घडी घातलेला टॉवेल,
पुस्तक धरावं तसा.
पसरला, बसले, वही काढली.
कुणी काही बोललं नाही. मीही नाही;
बोलायला हवं होतं का, अजून ठरत नाही.

संध्याकाळी टॉवेल विसरून गेले.
व्हर्नाने तो घरी नेऊन धुतला
आणि सकाळी राखीव पुस्तकांच्या फळीवर ठेवला,
रबर लावून, चिठ्ठी खोचून, बाकीच्यांसारखीच:
हॅस्केट, ओ.
परतीच्या तारखेच्या जागी नुसती रेघ.

दहाला मी तो उचलून त्यांच्याकडे निघाले,
तर कमरेला खरखर: सहाशे बारा, तीन, बालविभाग,
गोष्टीच्या गालिच्यावर, आणि
जरा जास्तच आहे.
टॉवेल काउंटरवर.
हातमोजे. डाव्याला भोक.
तोंडाने श्वास.