उगमाच्या रकान्यात

परखी खुपसली की गोणी थोडं सांगते,
थोडं गिळते.
बावीस वर्षं मी हेच करतोय, जळगावात
कांकरियांच्या डाळमिलमध्ये:
मूठभर तूर तळहातावर, एक दाणा दाताखाली,
मग रजिस्टरात ओलावा, कचरा, कीड,
आणि शेवटचा रकाना, उगम.

उगमात मी लिहीत आलो मोझांबिक.
गोणीवर तसंच असायचं, निळ्या शाईत.
पण पाखडायला बसलेली अमळनेरकडची इंदूबाई
सुपात दाणे नाचवून म्हणायची,
"अप्पा, या दोन गावन्या शेतस.
एकीना आंगले लाल माती शे."
मी म्हणायचो, तुले काय करनं शे. पाखड.

पुढे दलालानं फोनवर उलगडून सांगितलं:
शेजारच्या मलावीला समुद्र नाही,
आणि दोघांचं बिनसलेलं.
एकानं डिझेल अडवलं, दुसऱ्यानं साखर,
वकिलातीतली माणसं परत बोलावली,
फाटकाला कुलूप.
आणि रात्री सायकलींवरून एकेक गोण
नदी ओलांडायची.
पलीकडे पोचली की नाव बदलायचं तिचं,
लग्न झालेल्या पोरीसारखं.

मी जुनी रजिस्टरं काढली.
माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं
एक अख्खा देश गहाळ होता.

मग मार्चात काहीतरी हललं.
आमच्या पेपरात नव्हतं, तिथं केळीचा भाव होता.
मला कळलं ते दरातून:
तूर क्विंटलमागे दीडशेनं चढली.
"त्यांचं जमलं वाटतं," शेठ म्हणाले,
कुणी गेल्याचं सांगावं तसं.
मोबाईलवर फोटो दाखवला:
मालगाडीचा डबा, आडवी लाल फीत,
दोन मंत्री, दोघांत एकच कात्री,
हसताहेत, एकमेकांकडे न बघता.
गाडी आता थेट बंदरापर्यंत.
भाड्यात कुणाचा किती वाटा
यावर बोलणी अजून चालू आहेत म्हणे.
असतील.
तापीच्या पाण्यावरून आमची तरी कुठं संपलीत,
वरच्यांशी आणि खालच्यांशी.

आज ट्रक आला न्हावा शेव्याहून.
ऊन शेहेचाळीस. पत्र्याला हात लावायची सोय नाही.
रमजान तडवीनं पहिली गोण पाठीवरून टाकली:
शिलाई वेगळी, शाई हिरवी,
नाव पहिल्यांदाच स्वतःचं.
परखी खुपसली. तीच तूर. ओलावा अकरा.
इंदूबाई दिवाळीपासून येत नाही,
तिच्या जागी सून बसते, कानात गाणी घालून.
तिला दाखवलं, बघ, लाल माती.
"धुवावी लागेल," ती म्हणाली.

आत शेठ फोनवर घासाघीस करत होते.
एकेकट्याला दाबता येत होतं,
आता दोघं मिळून भाव सांगतात.
"बिनसेल पुन्हा," फोन ठेवून ते म्हणाले,
चांगल्या पावसाची आशा धरावी तसं.

मी रजिस्टर उघडलं.
उगमाच्या रकान्याशी पेन अडला,
मलावीतला ल, की ळ?
विचारणार कुणाला.
अंदाजानं ल काढला, जरा मोठाच झाला.
ट्रकात अजून चारशे एकोणऐंशी गोण्या होत्या.