बूस्टर नंबर चार, अंबड

द्वारकेच्या चौकात ट्रेलर अडकला
तेव्हाच मी तक्त्यातून एक दुपार वजा केली.
आभाळातून उतरायला त्याला साडेआठ मिनिटं लागली,
समुद्रकाठावरून नाशकात यायला सहा दिवस,
आणि द्वारका ओलांडायला सव्वातीन तास.
मी हे सगळं धरते. धरावंच लागतं.
माझ्या तक्त्यात वारा असतो, भरती असते,
क्रेनवाल्या कोठुळ्यांच्या मुलीचा साखरपुडा असतो.

अंबडच्या शेडमध्ये त्याला आडवं ठेवलं.
खालचा निम्मा काळाकुट्ट,
चुलीवरून आत्ताच उतरवलेल्या पातेल्यासारखा.
पोटावर अकरा तांबड्या रेघा.
अकरा वेळा गेला, अकराही वेळा उभ्याने परतला.
आमच्याकडे असं दुसरं कुणी नाही.
दोन नंबरचा पाय मोडला, तीन नंबर पाण्यात गेला,
एक नंबर फाटकापाशी उभा आहे,
शाळेच्या सहली त्याच्यासोबत फोटो काढतात.

तेवढ्यात पिंपळगावहून पगारांचा फोन.
द्राक्षवाल्यांनी वर्गणी काढून उपग्रह बनवलाय,
चपलेच्या खोक्याएवढा.
"मॅडम, ऑक्टोबर छाटणीच्या आत वर पाहिजे.
डावणी आपल्याला पानावर दिसते ना,
तोवर उशीर झालेला असतो."
मी म्हटलं, बघते.

एकवीस दिवस हातात.
काजळी काढायला नऊ, झडपांना चार,
इंजिन पेटवून बघायला तीन,
परतीच्या रस्त्याला सहा, द्वारका धरून.
बावीस.
एक दिवस कुठून आणायचा?
रात्री पावणेबाराला तो सापडला,
दोन रात्रपाळ्यांच्या मध्ये, दुमडून ठेवलेल्या नोटेसारखा.
एकटीच हसले. चहा पुन्हा गरम केला.

सकाळी बेंडकुळे यंत्र घेऊन आत शिरला.
खालच्या जोडापाशी बराच वेळ बसून राहिला.
"जाडी कमी येतेय."
किती?
"केसाएवढी."
नियमात बसते?
"बसते."
मग त्यानं हातमोजा काढला
आणि बोटाच्या पेरानं एकदाच टकटक केलं.
हे कुठल्याही यादीत नाही.
मला त्या आवाजातलं काही कळलं नाही.
पण त्यानं दुसऱ्यांदा वाजवलं नाही,
ते मात्र कळलं.

आमचे अण्णा तांबट आळीत कल्हई करायचे.
नवसागराचा धूर, कापसाचा बोळा,
कथील फिरलं की भांड्यात आपला चेहरा यायचा.
बायका विचारायच्या, कधी देता?
ते म्हणायचे, मंगळवारी. आणि मंगळवारी द्यायचेच.
कधीतरी एखादं भांडं वाजवून, न घेताच परत करायचे:
"ताई, याला आता आग नका दाखवू.
यात तुळस लावा."
मला राग यायचा. माझ्या वह्यांचे पैसे त्या तुळशीत जायचे.

नियमात बसतं, हे मी तीनदा वाचलं.
शेवटचा आकडा, बरोबर कडेवर.
मग सापडलेला तो दिवस परत केला,
त्याच्यामागचे वीसही.
रकाना पांढरा झाला.
पुढे सहा नंबर मोकळा होतो, तो डिसेंबरात.

पगारांना मीच फोन लावला.
पलीकडे मोटार चालू होती, नंतर बंद झाली.
"म्हणजे ह्या छाटणीला नाही."
नाही.
"बरोबर आहे," ते म्हणाले,
आणि ते काय बरोबर आहे ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

संध्याकाळी फाटकावरच्या गांगुर्डेमामांना विचारलं,
एक नंबरशेजारी आणखी एक मावेल का?
त्यांनी पावलं टाकून जागा मोजली.
"मावेल की. पण त्याची सावली
दुपारी माझ्या केबिनवर पडेल."
चालेल ना?
"एप्रिलात विचारा," ते म्हणाले,
"तेव्हा आभार मानीन."