सहा पॉइंटात

आमच्या साप्ताहिकात सातव्या पानावर,
टायरवाल्याच्या जाहिरातीखाली,
सहा पॉइंटात बसायच्या जाहीर सूचना.
सोळा वर्षं त्यांची प्रुफं मीच वाचली,
विस्कॉन्सिनच्या या गावात, जिथं माझं आडनाव
अजून कुणाला धड लिहिता येत नाही.

डोरीन हॅस्केल त्या मुद्दाम वाचायची नाही.
बटाटे सोलायला पेपर पसरायची.
एकदा सालं उचलली, तर खाली
तिच्याच विहिरीमागची खडीची खाण:
सुनावणी मंगळवारी, सायंकाळी सात.
ती तशीच गेली, नखांत माती.
सभागृहात माणसं पाच.
खाण रखडली. अजून रखडलीय.

आता सगळं काउंटीच्या वेबसाइटवर.
स्वस्त पडतं, खरंय; आकडे मी पाहिलेत.
शोधलं की सापडतं म्हणे.
पण काय शोधायचं हे ज्याला ठाऊक
त्याला सूचना हवी कशाला?
पूर्वी जाहीर व्हायचं. आता उपलब्ध असतं.
अळीमिळी गुपचिळी,
तीही कायद्याला धरून.

डोरीन हल्ली प्लास्टिकच्या टोपल्यात सोलते.
या आठवड्यात काय गं, विचारते.
मी फोन काढते. रेंज नसते.

गुरुवारच्या अंकासाठी शेवटची आली:
यापुढे सूचना येथे छापल्या जाणार नाहीत.
तीनदा वाचली.
तारखेत एक चूक होती.
चुकीच्या तारखेची सूचना रद्द ठरते,
पुन्हा छापावी लागते,
हे मला सोडून इथं कुणाला माहीत नाही.

लाल पेनाचं टोपण काढलं.
मग परत लावलं.