चौदा नंबरचा बाप

एम. जी. रोडवर जुना मिळाला कॅमेरा,
लग्नं काढून काढून बटणं झिजलेला.
कार्डात कुणाची तरी हळद राहून गेली होती,
अकरा फोटो.
पुसायचे होते. राहिलेत अजून.

सातपूरला मी बेअरिंग तपासतो.
केसाच्या दहाव्या भागाचा फरक
बोटांना कळतो माझ्या.
इथे देवळालीच्या मैदानावर, जानेवारीच्या सकाळी
शाल्मलीला चौकटीत धरून ठेवायचं,
एवढंच काम, आणि तेच जमत नाही.
कॅमेऱ्याचं सगळं मन जाळीवर.
कुंपणाच्या तारेचा गंज कसा लख्ख टिपतो,
मागे पोरगी धुक्यात विरघळते.

"चॅनलवरून आलात का?"
थर्मास उघडत एक बाई विचारतात.
नाही हो. मी चौदा नंबरचा बाप.
मग त्या अर्धा कप चहा पुढे करतात
आणि माझे दोन्ही हात अडकलेले,
कठड्यावर निवत राहतो तो.

डोळा भिंगाला लावला की मैदान संपतं.
उरतो एक खरचटलेला गुडघा,
वेणीचं टोक, मोज्यात खुपसलेलं पॅड,
ओठ चावायची सवय, आईचीच.
चेंडू कुठाय मला ठाऊक नसतं.
तिच्या मानेवरून अंदाज बांधतो:
वळली, म्हणजे गेला डावीकडे.
गुरुंग सर ओरडतात, "लाईन! लाईन पकडो!"
तोफखान्यात हयात गेलेला आवाज;
झाडावरचे बगळेसुद्धा ओळीत बसतात.

दुसऱ्या हाफात ती खाली बसली, लेस बांधायला.
मी झूम केलं.
किती वर्षांनी पाहत होतो तिला लेस बांधताना.
दोन कान करून मारलेली गाठ, मी शिकवलेली,
सिनियर केजीत, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर,
रिक्षावाला खालून हॉर्न मारत असताना.
तेवढ्यात मैदान उसळलं.
गोल.

सामना संपल्यावर बेंडकोळी आली धापा टाकत.
नऊ नंबर. वसतिगृहात राहते, गाव पेठच्या पलीकडे,
घरचं कुणी कधी येत नाही मॅचला.
"काका, माझा गोल आला ना त्यात?"
बघतो हं, म्हणालो. बॅटरी संपलीये.
बॅटरी दोन कांड्या होती.

रात्री लॅपटॉपवर: लेस. बोटं. लेस.
आणि चित्राबाहेर कुठेतरी
लाथेचा धप्प, जाळं थरथरलेलं, पोरींचा कल्ला,
त्या सगळ्याच्या वर मी स्वतः,
"शालू, घट्ट बांध गं!"

शाल्मली मागे उभी होती, टॉवेल डोक्याला.
"बाबा, मॅच कुठाय यात?"

मग तिनेच बोट ठेवलं वरच्या कोपऱ्यावर.
फोकसबाहेर एक निळा डाग,
हात वर करून पळणारा.
चेहरा नाही, नंबर नाही. सात सेकंद.
तेवढेच कापले
आणि पाठवले रेक्टरबाईंच्या फोनवर,
सोबत माफीच्या दोन ओळी, चार वेळा खोडलेल्या.

बुधवारी बाईंचं उत्तर आलं.
घरी पुढे पाठवलं होतं त्यांनी.
तिचे वडील म्हणाले म्हणे,
"आमचीच हाये. पळताना डावा खांदा पाडते."

पुन्हा लावून पाहिलं.
पडतो खरा. जरासा.
केसाच्या दहाव्या भागाएवढा.

शनिवारी नाशिकरोडच्या शाळेशी आहे.
स्टँड आणलाय, जाळीच्या आत उभं राहायची
परवानगी काढलीये सरांकडून.
कार्डात जागा हवी
म्हणून हळदीचे फोटो पुसायला बसलो.
आठव्यात, नवरीच्या पाठीमागे,
कुणीतरी अंधुक नाचतंय, एक हात वर.

राहू दिले.