आधी कुठला पाय

आठ दहाची व्हॅन, कर्वेनगरचा तिसरा मजला,
आणि निहार दारात फतकल मारून:
बूट नाही घालणार.

ओरडून पाहिलं. चॉकलेट कबूल करून पाहिलं.
खाली हॉर्न.

समोरच्या फरांदेबाई दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आल्या,
म्हणाल्या, घालतोस का असं विचारूच नका हो,
आधी कुठला पाय, ते विचारा.

डावा, म्हणाला तो. लगेच.
जणू एवढंच विचारायचं राहिलं होतं कुणी.

तेव्हापासून निळा कंगवा की पिवळा,
केस आधी की दात.
कधी चालतं.
कधी कंगवा थेट गॅलरीतून खाली.

काल रात्री गोष्टीचं पुस्तक पोटाशी धरून
उभा राहिला माझ्या खुर्चीपाशी:
बाबा, आधी काय बंद करतोस,
फोन की लॅपटॉप?