दहापैकी चार

तेजल मगदूमला मी चार महिने सांगत होतो,
'येते' म्हण. मुलगी आहेस. येते.
ती मान डोलवायची आणि म्हणायची,
"व्हय सर, ध्यानात ठेवतो."

मी मूळचा संगमनेरचा.
बावीस वर्षांत गंगावेशीत उभ्यानं
फेसाळ दूध प्यायला शिकलो,
पण इथल्या पोरी 'आलो', 'गेलो', 'जेवलो' म्हणतात
तेव्हा माझा लाल पेन
अजून खिशातल्या खिशात हलतो.

नाटक मीच लिहिलेलं. पस्तीस मिनिटांचं.
बंधाऱ्यावर रात्रभर पाण्याची पातळी वाचणारी एक बाई
आणि फोनवरून सारखं विचारणारं गाव: किती झालं?
एकोणचाळीस म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका,
हे इथं पाढ्यांच्या आधी पाठ होतं.
शेवटचं वाक्य, बॅटरी हातात:
"पाणी चढतंय. मी बघून येते."

शाळा सुटल्यावर तालीम.
(या गावात तालीम म्हटलं की आधी लाल माती.
गुंडूमामा शिपाई पहिल्या दिवशी विचारत होता,
"पोरी पण लढणार व्हय?")
प्रॉम्प्टिंगला समीना मुजावर.
तिच्या संहितेच्या पाठकोऱ्या बाजूवर
तेजलची वर्गसमीकरणं,
दोन प्रवेशांच्या मधे, विंगेतल्या अर्ध्या उजेडात सोडवलेली.
मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं:
दहावीचं वर्ष आहे, गुण घसरल्यास जबाबदारी माझी.

एकदा तिचे वडील आले, उद्यमनगरातून, लेथवरून थेट.
मागच्या बाकावर बसले, बोटं तेलकट म्हणून
कशालाच हात न लावता.
जाताना म्हणाले, "आमच्यात सर, एक सूत हललं
की जॉब रिजेक्ट. पोरीचं किती हलतंय?"
मी म्हटलं, एक काना.
ते हसले नाहीत. विचारात पडले.

स्पर्धेच्या दिवशी मी विंगेत
ओठांनी 'येते' 'येते' करत उभा.
तिनं बॅटरी लावली. अंधारातल्या खुर्च्यांकडे बघितलं,
जसं काही तिथंच पाणी होतं.
थांबली. मी लिहिलं होतं त्याहून जास्त थांबली.
"पाणी चढतंय. मी बघून येतो."

टाळी नाही आली.
मागच्या रांगेतून कुठलीतरी म्हातारी
मोठ्यानं बोलली,
"ये गं बाई. जपून."
आणि गुंडूमामा पडदा ओढायचाच विसरला.

परीक्षकांचा कागद नंतर मिळाला.
अभिनय, दहापैकी नऊ.
भाषाशुद्धी, दहापैकी चार.
उत्तेजनार्थ.
आधी वाटलं बरोबर आहे, मी तर तीनच दिले असते.
मग एसटी स्टँडवर चहा घेताना
ती म्हातारी आठवली, आणि चहा थंड झाला.

निकाल लागला. शहाण्णव पूर्णांक चाळीस. शाळेत पहिली.
गणितात नव्व्याण्णव. मराठीत अठ्ठ्याऐंशी.
गुंडूमामानं फळ्यावर रंगीत खडूनं नाव लिहिलं,
'मगदुम', दु ऱ्हस्व.
मी बघितलं. डस्टर तिथंच होतं.
राहू दिलं.

पेढे घेऊन आली. अकरावीला पुण्याला, मावशीकडे.
वाकली, ओढणी सावरली, म्हणाली,
"येते, सर."

स्वच्छ. एक सूत न हलता.
बावीस वर्षांत वर्गाला जे जमवता आलं नाही
ते असं अचानक, स्टाफरूमच्या दारात.
मी नुसतं 'हं' म्हणालो.
काहीतरी हरवल्यासारखं टेबलावर चाचपडत राहिलो.

खाली फाटकात समीनाच्या स्कूटीचा हॉर्न.
आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या घेत
खणखणीत आवाज:
"आलो की गं, आलो! थांब की!"

पेढा माझ्या हातातच होता.
जपून ये, एवढं म्हणायचं
राहूनच गेलं.