नोंद क्रमांक एकतीस

लोहा ओळीत माझं निकेल-पॉलिशचं दुकान.
दिवसभर मी जुन्याचं नवं करून देतो:
स्कूटरचे बंपर, बँडवाल्यांची ट्रंपेटं,
शाळेच्या ढाली, कुणाच्या आजेसासूचं गंगाळ.
गिऱ्हाईक म्हणतं, चेहरा दिसला पाहिजे त्यात.
दिसतो.

रात्री शटर अर्धं ओढून
चहाच्या डब्यातून ती बाहेर काढतो,
जर्मन पदकं, दोन्ही महायुद्धांतली,
ज्यांत कुणाचाच चेहरा दिसत नाही.
ब्रासो नाही. चिंचसुद्धा नाही.
हरिहर, माझा कारागीर, कळवळतो:
"एक डुबकी मारू द्या ना भाऊ, सोनं होऊन जाईन त्याचं."

खोटं म्हातारपण मला कळतं.
अमोनियाच्या वाफेत दोन रात्री, चहाच्या पाण्यात एक,
वरून तारेचा ब्रश.
मीही करून देऊ शकतो,
एका दिल्लीवाल्यानं विचारलंही होतं.
पण खोटं सगळीकडे सारखं येतं.
खरं येतं एका बाजूनं,
कोटाचं बटण जिथे लागत होतं तिथे,
माणूस झोपेत ज्या कुशीवर वळायचा, तिथे.
जखमींना देत तो काळा बिल्ला बघा:
हेल्मेटच्या कडेचा रंग तेवढा उडालाय
आणि खालचं पितळ चकाकतंय
शाळकरी चड्डीच्या बुडासारखं.

एकतिसावा नवतपात आला.
कामठीच्या इलियासनं पोत्यातून काढून
काट्याशेजारी ठेवला. "हे वजनात नाही, हां."
सहाशे घेतले.
लोखंडी क्रॉस, दुसरा दर्जा. रिबन नाही, कडी नाही.
चुंबक लावलं, गाभा चिकटला.
मागचं १८१३ कोरं करकरीत.
पुढे मधलं ते चिन्ह जवळजवळ गेलेलं.
पाडव्याला वहीच्या पहिल्या पानावर आम्ही काढतो
ते सरळ असतं, चार ठिपक्यांचं.
हे तिरपं, बिनठिपक्यांचं,
आणि कुणीतरी वर्षानुवर्षं घासत आणलेलं.
कडेवर बारीक ओरखडे होते. ते मी नोंदले नाहीत.

लिहिलं: "क्र. ३१. स्थिती: झिजलेली. अंगठ्यानं."

मग त्या अंगठ्याला महिनाभर माणूस देत राहिलो:
कुणी कोवळा शिपाई, खिशात हात घालून,
जे बोलता येत नाही ते घासत बसलेला.
मला त्याची दया यायला लागली.
हे बरं नव्हे, तेही कळत होतं.

आखाडात एक बाई आल्या.
प्रणिता गजभिये, मेयोतून निवृत्त झालेल्या सिस्टर.
"भावजयीनं आजोबांची पेटी विकली, न विचारता."
मी क्रॉस त्यांच्या तळहातावर ठेवला.
"अगं बाई, माझा बिल्ला!"

आजोबा इटलीत अँब्युलन्सवर होते.
हा कुणाचा, कसा आला, कधी बोलले नाहीत.
"टिक्कर-बिल्ल्याचं माझं खापर रोज फुटायचं.
रडले, तर पेटीतून हाच काढला,
उपडा ठेवून दाखवला:
असा टाकायचा, तोंड खाली. घास किती घासायचा तो.
चार उन्हाळे खेळले. सिमेंटचं अंगण, एका पायावर मी,
ढकलत ढकलत शेवटच्या घरापर्यंत."

काउंटरवर मोजून सहाशे ठेवले.
"पॉलिश करता ना तुम्ही?"
याला नाही, म्हटलं.
"बरं झालं," म्हणाल्या,
आणि रुमालात बांधून घेऊन गेल्या.
पायरी उतरताना उजवा पाय जरा रेंगाळला,
की मला वाटलं.

डब्यात आता तीस.
रात्री वही उघडली. नोंद खोडली नाही.
"अंगठ्यानं"च्या आधी जागा कमी होती,
म्हणून बारीक अक्षरात
वर एक शब्द घातला:
पायाच्या.